चौदा जणांची यादी

पत्र असं आहे:

«मी मूळची वाळवा तालुक्यातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००४ साली न्यू जर्सीत आले. घरच्या ओट्यावर पोळ्या लाटून सुरुवात केली, आता एडिसनजवळ छोटा कारखाना आहे. पोळ्या, पराठे, सणाला पुरणपोळ्या. २३ माणसं कामाला. डॉमिनिकन बायका, मेक्सिकन मुलं, काही गुजराती आणि साताऱ्याकडच्या एक काकू. परवा मी आय-९ ची, म्हणजे कामाची परवानगी तपासल्याच्या फॉर्मांची, फाईल काढून बसले आणि यादी केली. चौदा जण असे निघाले, ज्यांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होऊन गेलीत आणि अजून सिटिझनशिपचा अर्ज नाही. मला वाटतं, हे काम आपण अंगावर घ्यावं. फी मी भरते, फॉर्म माझा कॉलेजातला मुलगा भरेल. नवरा म्हणतो, सिटिझन झाले की सगळे सोडून जातील. काकू म्हणतात, मला इंग्रजी येत नाही आणि गावची जमीन जाईल. आमच्या पॅकिंगच्या एका पोराला तर व्होटर कार्डच घरी आलं, त्याने आनंदाने आणून दाखवलं. म्हणजे तो आधीच पात्र आहे का? आणि खरं सांगते, आमची टाउनशिप कौन्सिल आमच्या रस्त्यावरचं रात्रीचं ट्रक पार्किंग बंद करायला निघाली आहे. इथे निवडणुका थोड्या मतांनी फिरतात. चौदा जण आणि त्यांच्या घरचे म्हणजे काही कमी नव्हेत. मत दिलं तर एक दिवसाचा पगार बक्षीस ठेवू का?
— अन्नपूर्णा, मध्य न्यू जर्सी»

अन्नपूर्णाताई,

व्होटर कार्डाबद्दल तुम्ही जाता जाता दोन वाक्यं लिहिलीत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही.

तो पोरगा पात्र नाही. ग्रीन कार्डवर मतदार म्हणून नावही नोंदवता येत नाही, मत देणं तर लांबच. मग कार्ड आलं कसं? बहुधा लायसन्सच्या नूतनीकरणात. न्यू जर्सीत २०१८ पासून मोटर व्हेइकलच्या कार्यालयात लायसन्सबरोबरच मतदार नोंदणी आपोआप होते, नको असेल तर तसं सांगावं लागतं. मागे रांग, खिडकीतली बाई घाईत, पडद्यावर इंग्रजीत प्रश्न, आणि आपला माणूस ‘यस यस’ करत बटणं दाबतो. त्यात ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ याच्यावरही त्याचं बोट पडलेलं असू शकतं. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं हा इमिग्रेशनच्या कायद्यात इतका जड गुन्हा आहे की त्यापायी ग्रीन कार्ड जाऊ शकतं, माणूस देशाबाहेर घालवला जाऊ शकतो. आणि नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, कधी मत दिलंत का, असं सरळ विचारतात.

म्हणून त्याला एवढंच सांगा: मत देऊ नकोस, अर्ज भरू नकोस, निवडणूक कार्यालयाला स्वतःहून फोन किंवा चिठ्ठीही करू नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. नाव काढायचंच आहे, पण कशा शब्दांत आणि कोणत्या कागदासकट, ते वकिलाने ठरवू दे. त्या भेटीचे पैसे तुम्ही दिलेत तर चौदा जणांच्या फीपेक्षा ते सत्कारणी लागतील. आणि कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं अक्षरही नको.

आता यादी.

ताई, ती फाडून टाका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पत्रातून दिसतंय. पण आय-९ हा फॉर्म एकाच कामासाठी आहे: माणसाला इथे काम करायची परवानगी आहे, हे तुम्ही तपासलंत याची नोंद. त्यातली माहिती दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. मालकिणीच्या टेबलावर कुणाचं कार्ड कधीचं याची यादी पडली आहे, हे कळल्यावर ज्यांची नावं त्यात नाहीत त्यांच्या पोटात काय होईल? तेवीसमधून चौदा गेले, उरले नऊ. त्या नऊ जणांत कुणी नागरिक असेल, कुणाचं ग्रीन कार्ड नवं असेल, कुणाचा आश्रयाचा अर्ज लटकलेला असेल. हल्लीच्या दिवसांत ते सगळे एकच अर्थ काढतील. तुम्ही कुणाला तरी पकडून द्यायला निघालात असं वाटायचं त्यांना, आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं कामावर यायची नाहीत.

यादीऐवजी एक कागद करा. तोच कागद तेवीसच्या तेवीस जणांना पगाराच्या पावतीबरोबर द्या, स्पॅनिशमध्ये, गुजरातीत, मराठीत, इंग्रजीत. नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं ग्रीन कार्ड लागतं, अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन त्याच्याबरोबर राहत असाल तर तीन. अर्ज मुदतीच्या ९० दिवस आधी करता येतो. मोफत किंवा स्वस्त सल्ला कुठे मिळतो. आणि शेवटची ओळ ठळक: ‘अर्ज केला की नाही हे आम्हाला सांगायची गरज नाही, त्याचा नोकरीशी संबंध नाही.’ मग गप्प बसा. ज्याला यायचं तो येईल, चहाच्या सुट्टीत, हळूच.

हेही सांगून ठेवते, कारण भल्या मनाचे मालकही इथे घसरतात: कामगाराचं ग्रीन कार्ड मुदत संपल्यावर नवं आणून दाखव, असं मागायचं नसतं. ‘आम्हाला सिटिझनच हवेत’ हेही म्हणायचं नसतं. नागरिक आहे की ग्रीन कार्डवाला, यावरून कामावर घेण्यात किंवा काढण्यात फरक केलात तर तक्रार थेट केंद्राच्या न्याय खात्याकडे जाते.

तुमच्या मुलाला फॉर्म भरायला बसवू नका. मुलगा हुशार असेल, पण हा अर्ज म्हणजे नुसता पत्ता आणि जन्मतारीख नव्हे. पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, किती दिवस, अटक झाली होती का, कर भरला का, मुलांचा खर्च देता का, पुरुष असून १८ ते २६ वयात इथे असाल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसला, म्हणजे लष्करी भरतीच्या यादीला, नाव दिलं होतं का. यातलं एक उत्तर चुकीचं गेलं तर नुसता अर्ज फेटाळला जात नाही, जुनी फाईल उघडली जाते. काही माणसांनी अर्ज न करणंच शहाणपणाचं असतं, आणि ते कोण हे ओळखणं वकिलाचं किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचं काम आहे. असे प्रतिनिधी बऱ्याच सेवाभावी संस्थांत असतात. तुमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांना ‘नोतारियो’च्या पाटीपासून मात्र सांभाळा. त्यांच्या देशांत नोतारियो म्हणजे कायद्याचा मोठा जाणकार, इथला नोटरी म्हणजे शिक्का मारणारा माणूस. या एका शब्दावर कितीतरी लोकांचे पैसे आणि कागद बुडाले आहेत.

मी हे ऐकीव सांगत नाही. नव्याने आले तेव्हा एका गोदामात हिशेब ठेवायला होते. तिथला मॅनेजर देवमाणूस. रात्री थांबून त्याने सहा-सात जणांचे अर्ज स्वतःच्या हाताने भरले. एका बाईने सांगितलं, आई वारली तेव्हा गावी गेले होते. त्याने प्रवासाच्या रकान्यात ‘पाच महिने’ टाकलं, तिच्या पासपोर्टावरचे शिक्के मोजले तर साडेसात भरत होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की इथलं वास्तव्य तुटलं असं धरतात, आपण तुटलं नव्हतं हे दाखवावं लागतं. दाखवता आलं असतं, नोकरी चालू होती, भाडं भरलेलं होतं. पण अधिकाऱ्याने पाचचे साडेसात कसे झाले हेच धरून ठेवलं. बाई बाहेर आली ती रडतच, आणि मॅनेजर दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

फीचं बघू. एन-४०० ची फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. पण तुमच्या बहुतेक माणसांना ती पूर्ण लागणारच नाही. एप्रिल २०२४ पासून, घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या आत असेल तर फी ३८० डॉलर होते. २०२५ च्या आकड्यांनी चार माणसांच्या घराला ही मर्यादा १,२८,६०० डॉलर पडते. पोळ्या भाजणाऱ्या बाईचं घर त्यात सहज बसतं. उत्पन्न दीडपटीच्या आत असेल, किंवा घरात कुणाला गरिबांसाठीची सरकारी मदत चालू असेल, तर आय-९१२ भरून फी पूर्ण माफही मागता येते. सवलत आणि माफी दोन्हींसाठी अर्ज कागदावरच करावा लागतो, ऑनलाइन नाही. एवढंच तुमच्या त्या कागदात छापलंत तरी तुमचे हजारो डॉलर वाचले. आकडे बदलतात, पाठवण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघायचे. आणि २८ ऑक्टोबर २०२५ पासून इमिग्रेशन खातं कागदी चेक किंवा मनीऑर्डर घेत नाही, फी कार्डाने नाहीतर थेट बँक खात्यातून भरावी लागते. तुम्ही कौतुकाने चेक फाडून द्याल आणि पाकीट परत येईल.

द्यायचे तर देणगी म्हणून द्या, सगळ्यांना सारखे, आणि विसरून जा. कर्ज म्हणून नको. ‘सोडून गेलास तर परत दे’ अशी अट तर अजिबात नको. तुम्ही वाळव्याच्या आहात, तुम्हाला उचल काय असते हे मी सांगायला नको. ऊसतोडीचा माणूस मुकादमाकडून उचल घेतो तेव्हा सगळे हसतमुख असतात, हंगाम संपून पट्टा पडताना फडावर कळतं कोण कुणाचं आहे ते. तुमच्या ३८० डॉलरची तशी उचल होऊ देऊ नका. ही रक्कम बहुधा पगारातच धरावी लागेल आणि त्यावर कर लागेल, ते तुमच्या अकाउंटंटला विचारा.

तुमच्या यजमानांना एक वाक्य: ग्रीन कार्डवाला आजही सोडून जाऊ शकतो. तुमच्या कारखान्यात त्याला बांधून ठेवणारं काही असेल तर ते कार्ड नाही. काही जण जातील, सरकारी नोकरीत जातील, जाऊ देत.

काकूंच्या मनात दोन भित्या गुंतल्यात, इंग्रजीची आणि जमिनीची. त्या सोडवल्या तर बऱ्याच सुटतात.

काकूंचं वय आणि कार्ड किती वर्षांचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांना घरी हळूच हिशेब करायला सांगा. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्ड १५ वर्षांचं, किंवा वय ५० च्या वर आणि कार्ड २० वर्षांचं, तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीतून, दुभाष्यामार्फत. हो, मराठीतून! कितीतरी घरांत सासवा-आया वर्षानुवर्षं इंग्रजीच्या धाकाने बसून राहिल्यात आणि त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ६५ च्या वर आणि २० वर्षं कार्ड असेल तर प्रश्नसंचही अगदी छोटा, वीसच प्रश्नांचा. दुभाष्या म्हणून तुम्ही स्वतः जाऊ नका. शेजारणीची मुलगी चालेल, देवळातलं कुणी चालेल.

सवलत लागू नसेल तरी घाबरण्यासारखं फार नाही. इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. लिहायला लागणाऱ्या शब्दांची यादी आधीच छापलेली मिळते. ‘सिटिझन’, ‘व्होट’, ‘कॅन’, ‘पे’ असले शब्द. काकूंना पोळपाटाशेजारी वही ठेवून रोज तीन शब्द गिरवायला लावा. मोठी परीक्षा नागरिकशास्त्राची, आणि ती मात्र कडक झाली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांचा संच आहे, त्यातले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. माझ्या वेळी शंभर प्रश्न होते, दहा विचारायचे, सहा आले की झालं. जुनी पुस्तिका कुणाच्या कपाटातून आणून देऊ नका, तेवढी तारीख बघा.

आता जमीन. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. काकूंनी इथे शपथ घेतली की त्याच क्षणी त्यांचं भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर मिळणारं कार्ड, काढायचं. ओसीआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आधीपासून नावावर असलेली जात नाही, आणि वारसाहक्काने आलेली घेता येते. गावच्या मतदारयादीतलं नाव मात्र जाईल, ग्रामपंचायतीला मत देता येणार नाही. हे काकूंना गोड करून सांगू नका, स्पष्ट सांगा. काही बायकांना सातबाऱ्यापेक्षा त्या यादीतलं नाव जास्त जिव्हाळ्याचं असतं, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते उत्तरही पुरेसं आहे. ग्रीन कार्डवर माणूस जन्मभर राहू शकतो. तुमच्या डॉमिनिकन आणि मेक्सिकन बायकांना हा पेच नाही, त्यांचे देश दोन्हीकडची नागरिकत्वं ठेवू देतात. म्हणून एकाच बैठकीत सगळ्यांना एकच भाषण देऊन चालणार नाही.

(जाता जाता. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद नावाच्या माणसाला, तो अमेरिकन सैन्यात राहून आलेला असूनही, तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. आपल्या लोकांना हे दार कायद्याने उघडलं ते १९४६ साली. काकूंना सांगायचं तर हे सांगा, ‘देशाची सेवा’ वगैरे नको.)

पैशापेक्षा तुमच्याकडे देण्यासारखं जास्त मोलाचं आहे ते म्हणजे वेळ. बोटांचे ठसे, मुलाखत, शपथ, असे तीन फेरे असतात, त्यातली मुलाखत नेवार्क किंवा माउंट लॉरेलला. तासावर पगार घेणाऱ्या माणसाचे त्यात तीन दिवस बुडतात, बस-ट्रेनचा खर्च वेगळा. हे तीन दिवस भरपगारी द्या, कारण न विचारता, ‘वैयक्तिक कामाची रजा’ म्हणून, तेवीस जणांनाही. म्हणजे कोण कशाला गेलं हे शेजारच्या टेबलाला कळणार नाही.

आणि वर्ग. पाळी संपल्यावर पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, तुमच्या जेवणाच्या खोलीत. हे काही नवं नाही. तुमच्यापासून पश्चिमेला, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेमच्या पोलाद कारखान्याने १९१५ च्या सुमारास आपल्या परदेशी मजुरांसाठी मोफत इंग्रजीचे वर्ग काढले होते, त्यांनी नागरिक व्हावं म्हणून. ते उदाहरण घ्या. त्याच काळात डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्डने काढलेल्या शाळेचं घेऊ नका. तिथे पदवीदानाला मंचावर एक भलीमोठी कढई उभी करायचे. मजूर एका बाजूने आपल्या देशाच्या कपड्यांत, गाठोडं घेऊन आत उतरायचे आणि दुसऱ्या बाजूने कोट घालून, हातात अमेरिकन झेंडा हलवत बाहेर यायचे. शिवाय पाच डॉलरचा रोज मिळायला पात्र आहे का हे बघायला कंपनीची माणसं मजुरांच्या घरी जाऊन चौकशी करायची, घर स्वच्छ आहे का, पैसे कुठे खर्च होतात. शिकवलं दोघांनीही. एकाने शिकवून घरी जाऊ दिलं, दुसरा घरापर्यंत मागे गेला.

वर्गाला शिक्षक बाहेरचा आणा, काउंटीच्या ग्रंथालयात विचारा. तुम्ही स्वतः शिकवायला बसू नका. मालकिणीसमोर चुकायला कुणाला आवडतं?

आता ट्रक पार्किंग. हे तुम्ही पत्रात लपवलं नाहीत याचं मला खरंच बरं वाटलं, कारण बाकी सगळ्याच्या मुळाशी थोडंसं हेच आहे, नाही का?

एक दिवसाचा पगार बक्षीस ठेवू नका. केंद्राची निवडणूक असेल तर मत देण्यासाठी किंवा नाव नोंदवण्यासाठी पैसे देणं, देऊ करणं, घेणं, तिन्ही गुन्हे आहेत. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, कैद पाच वर्षांपर्यंत. कुणाला मत द्या हे सांगितलं नाही, नुसतं ‘मत द्या आणि पैसे घ्या’ म्हटलं, तरी. कौन्सिलची निवडणूक बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात होते, त्याच मतपत्रिकेवर केंद्राचाही उमेदवार असू शकतो. तुम्ही कशाला त्या वाटेला जाता? न्यू जर्सीत २००६ पासून असाही कायदा आहे की मालकाला कामगारांना राजकीय विषयाच्या सभेला सक्तीने बसवता येत नाही. पाळी सुरू होताना उभं राहून ‘आपल्या पार्किंगचं’ बोलणं त्यातच आलं. तुमच्या मनात सक्ती नसेल. पण दार तुमचं, घड्याळ तुमचं, पगार तुमचा, त्यांनी उठून जायचं कसं?

मतदान हक्क कायद्यात १९८२ साली घातलेलं एक कलम मला फार आवडतं. ज्या मतदाराला वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्याला मतदान केंद्रात आपल्या पसंतीचा मदतनीस नेता येतो. कुणीही. मुलगा, शेजारी, पुजारी. दोघंच वगळलेत: त्याचा मालक किंवा मालकाचा माणूस, आणि त्याच्या युनियनचा पदाधिकारी. कायदा करणाऱ्यांनी गिरण्या आणि खाणी पाहिल्या असणार. आपणही पाहिलंय, मतदानाच्या सकाळी कुणाच्या ट्रॉलीतून कुठली वस्ती कुठल्या शाळेपाशी उतरते ते. काकूंना केंद्रावर तुम्ही नेऊ नका ताई. त्यांनी हौसेने बोलावलं तरी.

पार्किंगसाठी तुम्ही स्वतः जा. कौन्सिलच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ असतो, तिथे उभ्या राहा. ट्रक रात्री दोनला का लागतो, सकाळी दुकानांत ताज्या पोळ्या का पोचतात, तेवीस घरं कशी चालतात, ते तीन मिनिटांत सांगा. ड्रायव्हरलाही त्याच्या रोजीची काळजी असेल तर तो आपणहून येईल.

मतदानाच्या दिवशी मात्र तुम्ही बरंच करू शकता. आपल्याकडे १९९६ पासून कायद्यानेच भरपगारी सुट्टी मिळते. इथे नोव्हेंबरातला मंगळवार म्हणजे साधा कामाचा दिवस. पलीकडे न्यू यॉर्कमध्ये वेळ पुरत नसेल तर दोन तास पगारी मिळतात, न्यू जर्सीत खासगी मालकावर अशी सक्ती नाही. म्हणून तुम्हीच ठरवा: त्या दिवशी सगळ्यांची पाळी दोन तास छोटी, पगार पूर्ण. मत दिलंस का, ‘मी मत दिलं’चा स्टिकर कुठे, हे विचारायचं नाही. ज्याला घरी जाऊन झोपायचं तो झोपेल. केंद्रं सकाळी सहा ते रात्री आठ उघडी असतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत आधीचे नऊ दिवस जाऊन मत देण्याचीही सोय असते, घरी मतपत्रिका मागवता येते. पाळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी हे लावा.

नोंदणीचे फॉर्म मात्र जेवणाच्या टेबलावर गठ्ठ्याने ठेवू नका. त्या पोराचं काय झालं ते पाहिलंत ना. शपथ झाली आणि प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात, त्या माणसाने मागितला तर, एक फॉर्म द्या. मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झालो असं बऱ्याच जणांना वाटतं. शपथेपर्यंत तो ग्रीन कार्डवालाच असतो. पूर्वी शपथविधीच्या दाराशी स्वयंसेवी संस्थांच्या बायका नोंदणीची टेबलं लावून बसायच्या. ऑगस्ट २०२५ पासून तिथे फक्त राज्याचे आणि स्थानिक निवडणूक अधिकारीच ते करू शकतात, आणि ते येतीलच असं नाही. नाव निवडणुकीच्या २१ दिवस आधी नोंदलेलं असावं लागतं. सप्टेंबरअखेर शपथ झालेल्या माणसाला ही तारीख कुणीतरी सांगायला हवी, ती त्या सगळ्यांना वाटायच्या कागदात टाका.

काकूंनी होकार दिलाच तर शपथेच्या दिवशी सकाळी त्यांना एक आठवण करा. आत गेल्यावर ग्रीन कार्ड परत घेतात, टोपलीत टाकायला सांगतात. इतकी वर्षं पदराआड जपलेला तुकडा असा सोडताना माझा हात थबकला होता, मागची बाई म्हणाली, ‘हनी, यू आर होल्डिंग अप द लाइन.’ त्याचा फोटो आदल्या रात्री काढून ठेवायला सांगा. आणि त्यांच्या तव्यावर त्या दिवशी कोण, ते आधी ठरवा, नाहीतर त्या दुपारी दोनला धावत परत यायच्या.

पॅकिंगच्या पोराशी आजच बोला. पाळी संपल्यावर, बाहेर, एकट्याशी. ते कार्ड फाडू नकोस, फेकू नकोस, ज्या पाकिटात आलं त्या पाकिटासकट वकिलाकडे घेऊन जा म्हणावं.